प्रोग रॉक ऐकायचंय? मग चार्टवरच्या गाण्यांपासून निघा

तुमच्या ओळखीत प्रोग्रेसिव्ह रॉकचा एखादा भक्त असेल, तर त्याने एव्हाना तुम्हाला वीस मिनिटांचं एखादं गाणं पाठवलेलं असणार आणि तुम्ही ते चौथ्या-पाचव्या मिनिटाला बंद केलेलं असणार. यात तुमचं काही चुकलं नाही. या संगीताची ओळख करून द्यायची रीतच उलटी पडली आहे. सगळ्यात अवघड काम आधी पुढ्यात टाकायचं आणि समोरच्याला ते झेपलं नाही, की ‘बसा तुम्ही तुमची हिट गाणी ऐकत’ म्हणून नाक मुरडायचं.

गंमत अशी की या भक्तांची दैवतं स्वतः हिट गाण्यांच्याच दुनियेतून आलेली. चाहते ज्याला नुसतं ‘प्रोग’ म्हणतात ते संगीत १९६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पॉपच्या घरातच जन्मलं, पॉपच्याच रेकॉर्ड कंपन्यांच्या पैशावर वाढलं, आणि पुढे त्यातली बरीच मंडळी परत फिरून नंबर वन गाणी करू लागली. तेव्हा नव्या माणसाने चार्टवरून निघावं, हळूहळू आत जावं आणि दुसऱ्या दाराने पुन्हा चार्टवर यावं. खालच्या पायऱ्या त्याच वाटेने लावल्या आहेत. घाई नको. एका पायरीला एक आठवडा लागला तरी हरकत नाही.

आधी फोनकडे बघा

ॲपमध्ये शफल बंद करा. एका गाण्याची शेपटी दुसऱ्यात मिसळणारा क्रॉसफेड बंद करा. गॅपलेस प्लेबॅक चालू ठेवा. या अल्बमांमध्ये एक गाणं संपून दुसरं सुरू होतं ती जागा पुष्कळदा मुद्दाम रचलेली असते आणि तिथे अर्ध्या सेकंदाची पोकळी आली तरी कानाला ठेच लागते.

शोधायला गेलात की एकाच अल्बमच्या पाच-सहा आवृत्त्या दिसतील: रीमास्टर, डीलक्स, पन्नासाव्या वर्षाची. मूळ अल्बम जिथे संपतो तिथे थांबा. डीलक्स आवृत्तीत त्यापुढे त्याच गाण्यांचे कच्चे टेक आणि मैफिलीतली ध्वनिमुद्रणं असतात. ती आधीच प्रेमात पडलेल्यांसाठी. स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने येस, किंग क्रिम्सन, जेथ्रो टल या प्रोग बँडचे अल्बम मूळ टेपवरून नव्याने मिक्स केले आहेत. त्यात वाद्यं सुटी-सुटी ऐकू येतात, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी तेच सुचवतो. कट्टर मंडळी यावर भांडतात. भांडू देत.

आणि हेडफोन लावा, साधे चालतील. फोनच्या स्पीकरवर बेस गिटार गायबच होते, आणि येससारख्या बँडमध्ये बेस गायब झाली तर अर्धं गाणं गेलं म्हणून समजा.

पायरी पहिली: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा एकदा, पण नकाशा काढत

क्वीन बँडचं हे गाणं तुम्ही ऐकलेलं आहे. आता घड्याळ समोर ठेवून ऐका. सुरुवातीला वाद्यांशिवाय गळ्यांचा समूह, मग पियानोवरचं संथ गीत, गिटारचा छोटा तुकडा, साधारण तीन मिनिटांनी ऑपेराची ती धमाल, चार मिनिटं उलटल्यावर दणदणीत रॉक, आणि शेवटी पुन्हा शांत. एकूण ५ मिनिटं ५५ सेकंद. या सगळ्यात ध्रुवपद कुठे आहे ते शोधा.

सापडणार नाही, कारण नाहीच. पॉप गाण्याचा कणा म्हणजे पुन:पुन्हा येणारं ध्रुवपद, आणि ते ज्यात एकदाही नाही असं गाणं १९७५च्या अखेरीस ब्रिटनमध्ये सलग ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. कंपनीला ते सिंगल (एका गाण्याची वेगळी छोटी तबकडी) म्हणून फार लांब वाटत होतं. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर निवेदक केनी एव्हरेटने ते वारंवार वाजवलं आणि वाद मिटला.

क्वीनला प्रोग बँड म्हणावं का, यावर लोक अजून वाद घालतात. मला तो वाद निरर्थक वाटतो. तुकडे जोडून लांब गाणं रचायची प्रोगची युक्ती इथे जशीच्या तशी आहे, फक्त कुठेही कंटाळा येऊ न देता सहा मिनिटांत बसवलेली. जाता जाता, हे गाणं लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फरोख बुलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथे तो पियानो वाजवायचा आणि शाळकरी मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये त्या काळचं रॉक अँड रोल वाजवायचा. त्या नाताळात चार्टवर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं? ग्रेग लेक. किंग क्रिम्सनचा पहिला गायक, तेव्हा इमर्सन, लेक अँड पामर या प्रोग बँडमध्ये. त्याच्या नाताळगीतात रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हची एक धून गुंफलेली आहे. म्हणजे १९७५च्या नाताळात ब्रिटनची वरची दोन्ही गाणी प्रोगच्या घरची किंवा शेजारची होती.

पायरी दुसरी: पॉपने स्वतःच दार उघडलं ती दोन वर्षं

१९६६ आणि १९६७. इथे चार गाणी पुरे आहेत.

बीच बॉइजचं ‘गुड व्हायब्रेशन्स’ घ्या. ब्रायन विल्सनने ते वेगवेगळ्या स्टुडिओंत तुकड्या-तुकड्यांनी ध्वनिमुद्रित करून जोडलं. सांधे ऐकू येतात, आणि तीच मजा आहे. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

बीटल्सचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बममधलं शेवटचं गाणं. खाली तंबोऱ्याचा स्वर, वर उलटसुलट फिरवलेल्या टेपचे तुकडे, आणि हे सगळं तीन मिनिटांच्या आत. प्रयोगाला लांबी लागतेच असं नाही, हे इथे पक्कं होतं. त्याच अल्बमवर ‘लव्ह यू टू’ या गाण्यात तबला आहे, आणि तो वाजवणाऱ्या अनिल भागवत यांचं नाव मुखपृष्ठाच्या मागे छापलेलं आहे.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ ऐकताना सुरुवातीच्या बासरीसारख्या आवाजाकडे लक्ष द्या. ती बासरी नव्हे, मेलोट्रॉन आहे. हे पेटीसारखं पट्ट्यांचं वाद्य. प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्याचा स्वर मुद्रित केलेली टेप असते, पट्टी दाबली की ती फिरते. पुढे सगळ्या प्रोगवर या वाद्याचं सावट आहे, त्यामुळे त्याचा किंचित थरथरता, ओलसर आवाज ओळखायला शिका. या गाण्यात आणखी एक करामत आहे. वेगळ्या पट्टीतले आणि वेगळ्या लयीतले दोन टेक टेपचा वेग कमीजास्त करून साधारण पहिल्या मिनिटाशी सांधलेले आहेत.

चौथं, प्रोकोल हारमचं ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’. जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या वळणाचं ऑर्गन, अर्थ न लागणारे शब्द, आणि ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक. पुढच्या दहा वर्षांचं बी या एका गाण्यात सापडतं.

पायरी तिसरी: मात्रा मोजा

पाश्चात्त्य पॉप बहुतांश चार मात्रांत चालतं. प्रोगवाल्यांना पाच, सात, तेरा यांचं वेड. इथे मराठी कानाला थोडी आघाडी आहे. ज्याने भजनाला टाळ धरलाय, गाण्याच्या क्लासमध्ये सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल हातावर मोजलाय, त्याला सात म्हणजे काहीतरी अजब आहे असं वाटायचं कारण नाही. आघात आपल्या तालांसारखे पडत नाहीत, खाली-भरी नाही, पण मोजायची सवय कामाला येते.

जेथ्रो टलच्या ‘लिव्हिंग इन द पास्ट’पासून सुरू करा. १९६९ साली ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेलं हे गाणं पाच मात्रांचं आहे, वर इयन अँडरसनची बासरी. मग पीटर गेब्रिएलचं १९७७चं ‘सोल्सबरी हिल’: सात मात्रा, पण चाल इतकी सहज की मोजल्याशिवाय कळत नाही. जेनेसिस बँड सोडल्यावर त्याच विषयावर लिहिलेलं हे गाणं आहे. मग खुद्द जेनेसिसचं ‘टर्न इट ऑन अगेन’, १९८०, ब्रिटनमध्ये आठवा क्रमांक. ऐकायला सरळ रेडिओवरचं रॉक, मोजायला गेलात तर तेरा. नाचायला उभे राहिलात तर पाय हमखास चुकतो.

शेवटी पिंक फ्लॉइडचं ‘मनी’. नाणी आणि गल्ल्याच्या यंत्राच्या आवाजांची टेप कापून-जोडून बनवलेलं चक्र आधी सुरू होतं. बेस आली की पहिल्या स्वरावर ‘एक’ धरा आणि सात मोजत राहा. सॅक्सोफोनचा तुकडाही सातातच आहे. गिटार सुरू झाली की मोजणी फसेल. घाबरू नका, तिथे ते सरळ चारवर येतात आणि गिटार आटोपली की पुन्हा सातावर. हा बदल पहिल्यांदा आपला आपण पकडलात की पुढचं सगळं सोपं. अमेरिकेत हे सिंगल तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं.

पायरी चौथी: कापलेलं गाणं आणि अख्खं गाणं शेजारी-शेजारी

माझ्या मते सगळ्यात शिकवणारी पायरी हीच.

त्या काळी बाजारात दोन वस्तू होत्या. ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी, म्हणजे सिंगल: एका बाजूला साधारण तीन-चार मिनिटं. आणि १९४८पासून आलेली एलपी: एका बाजूला वीस-बावीस मिनिटं आरामात. चार्ट आणि दिवसाचा रेडिओ सिंगलवर चालायचा. एलपी महाग, पण नफा तिच्यात, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॉलेजातली पोरं ती विकत घेऊ लागली होती. अमेरिकेतली एफएम केंद्रं लांब गाणी वाजवायला लागली. ब्रिटनमध्ये जॉन पीलसारखे निवेदक बीबीसीवर या बँडना जागा द्यायचे. प्रोग उभं राहिलं ते या एलपीच्या बाजूवर. वीस मिनिटांची गाणी वीस मिनिटांचीच का, याचं अर्धं उत्तर तबकडीच्या खाचांत आहे. उरलेलं अर्धं महत्त्वाकांक्षेत, आणि थोडं पोरकट फुशारकीतही.

तरी सिंगलशिवाय कंपनीचं भागत नसे. मग कात्री चालायची. येसचं १९७१चं ‘राउंडअबाउट’ अल्बमवर साडेआठ मिनिटांचं आहे, सिंगलवर साडेतीनच्या आत. ॲपमध्ये ‘सिंगल एडिट’ किंवा ‘सिंगल व्हर्जन’ लिहिलेलं शोधा आणि आधी तेच ऐका. चांगलं, चटपटीत गाणं आहे. अमेरिकेत तेही तेराव्या क्रमांकापर्यंत पोचलं. मग पूर्ण ऐका आणि कात्रीने काय नेलं ते कागदावर लिहा. मधली शांत जागा गेलेली दिसेल, की-बोर्ड-गिटारची झटापट गेलेली दिसेल. मग स्वतःला विचारा: गेलेल्यातलं खरंच हवं होतं काय? प्रत्येक वेळी उत्तर ‘सगळं’ असं येत नाही, आणि तसं म्हणायला लाजू नका. तरुण वाचकांना सुरुवातीची गिटार ‘जोजोज बिझार ॲडव्हेंचर’ या जपानी ॲनिमेमुळे ठाऊक असेल.

हाच प्रयोग जर्मनीच्या क्राफ्टवेर्कच्या ‘ऑटोबान’वर करा. १९७४च्या अल्बमवर ते बावीस मिनिटांहून लांब, एक अख्खी बाजू. मोटारीचं दार लागतं तिथपासून महामार्गावरच्या प्रवासापर्यंत. कापलेली तीनेक मिनिटं ब्रिटनमध्ये अकराव्या क्रमांकावर गेली. इथे मात्र कात्रीने गाण्याचा जीव घेतला असं मला वाटतं. रस्ता लांबलचक असणं हाच तर विषय होता.

आणि आता उलटं उदाहरण. पिंक फ्लॉइडने १९६८नंतर अकरा वर्षं ब्रिटनमध्ये एकही सिंगल काढलं नाही. १९७९च्या ‘ॲनदर ब्रिक इन द वॉल’चा दुसरा भाग मुळात एक कडवं आणि एक ध्रुवपद एवढाच होता; सिंगलसाठी फार आखूड! निर्माता बॉब एझ्रिनने टेपची नक्कल करून ते लांबवलं, खाली डिस्कोचा ठेका ठेवला आणि दुसऱ्या कडव्यासाठी उत्तर लंडनच्या शाळेतली मुलं गायला आणली. नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. लांब गाण्यांसाठी बदनाम असलेल्या बँडचं सगळ्यात मोठं सिंगल असं ओढून लांब केलेलं आहे.

पायरी पाचवी: एक अख्खा अल्बम

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’, १९७३. त्रेचाळीस मिनिटं. दुसरा कुठलाही पर्याय मी देत नाही.

कारण साधं आहे. यात प्रयोग भरपूर आहेत, पण प्रत्येक प्रयोगाच्या बाजूला गुणगुणता येईल अशी चाल बसवलेली आहे. घड्याळांचा गजर, हृदयाचे ठोके, स्टुडिओत आलेल्या माणसांना प्रश्न विचारून टिपलेली वाक्यं, क्लेअर टॉरीचा शब्दांविना गायलेला तो आर्त तुकडा. आणि बँडची साथ मात्र बहुतेक वेळ संथ, ब्लूजच्या वळणाची, अवघड अजिबात नाही. याच कारणाने काही प्रोगवाले त्याला अस्सल प्रोग मानायला तयार नसतात. अमेरिकेत तो फक्त एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होता, पण १९८८पर्यंत एकंदर ७४१ आठवडे चार्टवर राहिला. हिट होणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यात दिसतं.

एका बैठकीत ऐका, मध्ये फोन उचलू नका. शब्दांसाठी कागद समोर हवा तर ठेवा. या अल्बमचे शब्द साधे आणि चांगले आहेत. बाकीच्या बऱ्याच प्रोगबद्दल हे म्हणता येणार नाही, तिथे शब्दांकडे दुर्लक्ष केलंत तरी फारसं बिघडत नाही.

पायरी सहावी: अख्खी एक बाजू, एकच गाणं

आता ते वीस मिनिटांचं प्रकरण. येसचं १९७२चं ‘क्लोज टू द एज’, जवळपास एकोणीस मिनिटं.

ज्यांनी मोठा ख्याल ऐकलाय ते विचारतील की एकोणीस मिनिटांचं एवढं काय? बरोबर आहे. पण फरक ध्यानात ठेवा. ख्यालात राग एकच असतो आणि गायक त्यात उतरत जातो. गाताना सुचत जातं. इथे जवळपास सगळं आधी ठरवलेलं, तुकडे टेपवर जोडलेले. म्हणून इथे खोलीची वाट बघू नका, खुणांची बघा. कुठली धून परत आली? कुठल्या वेषात आली?

पहिल्यांदा ऐकताना एवढंच धरा. सुरुवातीला पाणी आणि पाखरं, मग अचानक सगळी वाद्यं एकमेकांवर तुटून पडतात. इथे बरेच जण पळतात. तीनेक मिनिटं दम धरा, एक स्वच्छ धून वर येते आणि गाणं सुरू होतं. साधारण साडेआठ मिनिटांनी सगळं थांबतं. गळे आणि तरंगते स्वर उरतात. मग चर्चचं ऑर्गन, लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये मुद्रित केलेलं. आणि शेवटच्या चार मिनिटांत आधीचं गाणं परत येतं, पण मधल्या प्रवासामुळे ते मोठं झालेलं असतं. ती परत येण्याची जागा जमली, अंगावर आली, की तुम्ही प्रोगचे. नाही आली तर आणखी दोनदा ऐका, वेगळ्या दिवशी. तरीही नाही, तर सोडून द्या. पुढच्या पायऱ्या त्यावाचून अडत नाहीत.

याच बँडने पुढच्या वर्षी जे केलं त्याने टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. गायक जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचली, शास्त्रांच्या प्रकारांबद्दलची, आणि तिच्यावर चार बाजूंचा, चार गाण्यांचा दुहेरी अल्बम रचला: ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेलाही. पण बँडचा की-बोर्डवादक रिक वेकमन इतका कंटाळला की मँचेस्टरच्या एका मैफिलीत, वाजवायचं नसताना, त्याने मंचावरच चिकन विंडालू खाल्लं. सोबत पापड आणि ‘बॉम्बे आलू’सुद्धा होते, असं तो स्वतः सांगतो. योगानंदांच्या तळटीपेवरच्या गाण्यात गोव्याच्या विंडालूचा वास दरवळला, याहून पूर्ण अशी टीका कुणी लिहिलेली मला माहीत नाही. वेकमनने १९७४ साली बँड सोडला. हा अल्बम नव्या माणसाने टाळावा.

पायरी सातवी: खरोखरचं खडबडीत

किंग क्रिम्सनचं ‘ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’. आवाज थोडा कमी करून सुरू करा. ५ जुलै १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी हा अनोळखी बँड उभा राहिला आणि लाखोंच्या गर्दीसमोर हे वाजवून गेला. ऑक्टोबरमध्ये ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ हा अल्बम आला, ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर. किंचाळणाऱ्या चेहऱ्याचं ते मुखपृष्ठ तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असेल. ऐकल्यावर लगेच कान्ये वेस्टचं २०१०चं ‘पॉवर’ लावा: तेच गाणं, एक ओळ कापून घेतलेली.

यानंतर त्याच अल्बमचं शेवटचं शीर्षकगीत ऐका आणि मेलोट्रॉन ओळखा. दुसऱ्या पायरीवर बासरी होऊन आलेलं वाद्य इथे अख्खा वाद्यवृंद होऊन येतं.

पायरी आठवी: पंकची गोष्ट अर्धीच खरी

तुम्ही काही वाचायला लागलात की सगळीकडे एकच कथा सापडेल: प्रोग फुगत गेलं, १९७६-७७ साली पंक हे आखूड, रांगडं रॉक आलं आणि त्याने फुगा फोडला. सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या जॉनी रॉटनने पिंक फ्लॉइडच्या टीशर्टवर ‘आय हेट’ लिहून घातला होता हे खरं. इमर्सन, लेक अँड पामरने १९७७च्या अमेरिका दौऱ्यावर अख्खा वाद्यवृंद सोबत नेला आणि खर्च न झेपल्याने तो अर्ध्यातून परत पाठवावा लागला, हेही खरं.

पण त्याच उन्हाळ्यात रॉटनने कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या तबकड्या वाजवल्या, त्यात व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रोग बँडचा पीटर हॅमिल होता. सेक्स पिस्टल्सची सिंगलं काढणाऱ्या व्हर्जिन कंपनीने पहिला अल्बम काढला होता तो १९७३ साली, माइक ओल्डफिल्डचा ‘ट्युब्युलर बेल्स’: विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराने बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून केलेला, दोन बाजू, दोन तुकडे. ‘द एक्सॉर्सिस्ट’ चित्रपटात त्याची सुरुवात वापरली गेली आणि तो तुफान खपला. पंकला घर देणारी कंपनी प्रोगच्या पैशावर उभी होती. ‘ट्युब्युलर बेल्स’ची पहिली पाच मिनिटं ऐका, ओळखीचं वाटेल.

पायरी नववी: परतीची वाट

ही पायरी ऐकायला सर्वांत सोपी, आणि भक्तांना सर्वांत नावडती.

येसचं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ लावा. जानेवारी १९८४मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. निर्माता ट्रेव्हर हॉर्न. ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’वाला, आणि मधल्या काळात चक्क येसचा गायकही होऊन गेलेला. मध्येच फुटणारे वाद्यवृंदाचे ते तुकडे नीट ऐका. सांधे दाखवायची जुनी खोड गेलेली नाही, हत्यारं बदलली.

मग जेनेसिस. जुलै १९८६मध्ये त्यांचं ‘इन्व्हिजिबल टच’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्याच आठवड्यात त्याला खाली खेचलं पीटर गेब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’ने. एकाच प्रोग बँडचे आजी-माजी सदस्य चार्टच्या डोक्यावर खो-खो खेळत होते. या दोघांमधला दुवा आणखी मजेदार आहे. १९८०च्या गेब्रिएलच्या अल्बमवर ‘इन्ट्रूडर’ हे अंधारलेलं, विक्षिप्त गाणं आहे. गेब्रिएलने ड्रमवाल्याला झांजा वाजवायला मनाई केली. ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगमने ड्रमचा घुमारा फुगवून एकदम कापला. ड्रमवर होता फिल कॉलिन्स. तोच आवाज त्याने पुढच्या वर्षी ‘इन दि एअर टुनाइट’मध्ये वापरला आणि मग ते दशकभर सगळ्या पॉपमध्ये घुमला. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. प्रयोगशाळेतून बाजारात माल कसा येतो ते दहा-अकरा मिनिटांत समजतं.

माणसंही अशीच आली. किंग क्रिम्सनचा इयन मॅकडोनल्ड फॉरेनर बँडचा संस्थापक सदस्य झाला. क्रिम्सन, येस आणि इमर्सन-लेक-पामर यांच्या माणसांनी मिळून एशिया काढला. १९८२चं ‘हीट ऑफ द मोमेंट’ त्यांचं. आणि पीटर सिनफिल्ड, ज्याने ‘स्किझॉइड मॅन’चे शब्द लिहिले, त्याने पुढे बक्स फिझसाठी ‘द लँड ऑफ मेक बिलीव्ह’ आणि सेलिन डिऑनसाठी ‘थिंक ट्वाइस’ ही गीतं लिहिली. दोन्ही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. क्रिम्सनच्या वाट्याला तो मान एकदाही आला नाही.

पायरी दहावी: आजचं

रेडिओहेडचं १९९७चं ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’: सव्वासहा मिनिटं, तीन वेगळे भाग, ब्रिटनमध्ये तिसरा क्रमांक. प्रोग म्हटलेलं त्यांना आवडत नाही. पहिल्या पायरीवरचा नकाशा इथे पुन्हा काढा, मग ठरवा.

आज गाणं मोजलं जातं ते तीस सेकंद वाजलं की. म्हणजे दोन मिनिटांचं गाणं आणि वीस मिनिटांचं गाणं यांचा हिशेब सारखाच. लांब गाणाऱ्याच्या पोटावर पाय. तरी २०१९ साली टूल या अमेरिकी बँडचं ‘फियर इनॉक्युलम’ हे दहा मिनिटांहून लांब गाणं अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत आलं, आणि त्याच नावाच्या अल्बमने टेलर स्विफ्टच्या अल्बमला पहिल्या जागेवरून हटवलं.

आणि तो रीमिक्सवाला स्टीव्हन विल्सन. त्याचा पॉर्क्युपाइन ट्री बँड डिसेंबर २००९मध्ये आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’त वाजवून गेला, त्यामुळे मुंबई-पुण्यात त्याचे चाहते पुष्कळ. २०१७ साली त्याने ‘पर्मनेटिंग’ नावाचं ॲबाच्या थाटाचं आनंदी पॉप गाणं काढलं आणि चाहत्यांतला एक गट संतापला. विल्सनने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्या गाण्याला बॉलिवूड थाटाचा नाच लावला. आधी ते ऐका, मग पॉर्क्युपाइन ट्रीचा २००२चा ‘इन ॲब्सेन्शिया’ पहिल्या गाण्यापासून लावा. तो आवडला तर येसकडे परत जा. ‘क्लोज टू द एज’ राहून गेलं असेल, तर आता चालेल.